वासाचा हिशोब वेगळा

‘गॅसेस होतात’ हे फार सोयीचं वाक्य आहे. करपट ढेकर, पोटाचा झालेला नगारा, बरगडीखालची कळ, दिवसभर सरणारा वारा आणि त्या वाऱ्याचा कुजक्या अंड्यासारखा वास, सगळं त्या एकाच पोत्यात भरता येतं. लाज झाकायलाही ते बरं पडतं. पण या पाच तक्रारींची कारणं पाच ठिकाणी असतात. त्यातली शेवटची, म्हणजे वासाची, सगळ्यात जास्त छळते आणि तिचंच नाव कुणी घेत नाही. मग उपचार होतो तो पोटफुगीचा. माणूस डाळी-कडधान्यं सोडतो, दूध सोडतो, पाचक गोळ्या चघळतो. वारा थोडा कमी सरतो, वास मात्र होता तसाच राहतो. कधी कधी वाढतोसुद्धा.

वायूचं प्रमाण आणि वायूचा वास या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एवढी एक गोष्ट पक्की धरली की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी प्रमाण. १९९१ साली दहा निरोगी माणसांचा चोवीस तासांचा वायू गोळा करून मोजला गेला. नेहमीच्या जेवणाबरोबर त्यांना २०० ग्रॅम शिजवलेल्या बीन्स दिल्या होत्या. सर्वांत कमी आकडा ४७६ मिलिलिटर निघाला, सर्वांत जास्त १४९१, आणि मधला ७०५. तंतू पूर्ण काढून टाकलेल्या आहारावर हाच मधला आकडा २१४ वर आला. म्हणजे सगळं निरोगी असतानाही एका माणसाचा वायू दुसऱ्याच्या तिप्पट असू शकतो. दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सरणं यात आजार काही नाही. मोजत बसलं तर आकडा मोठा वाटतो, कारण एरवी कुणी मोजत नाही.

आणि या वायूला वास नसतो. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि काही जणांत मिथेन मिळून ९९ टक्क्यांहून जास्त भाग होतो, आणि या पाचांपैकी एकालाही गंध नाही. सगळी बदनामी उरलेल्या एका टक्क्याहूनही कमी भागाची आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा निरोगी लोकांना बीन्स आणि लॅक्ट्युलोज ही न पचणारी साखर देऊन त्यांचा वायू नळीने गोळा केला गेला, आणि दोन परीक्षकांनी सिरिंजमधून तो हुंगून वासाला गुण दिले. (विज्ञानासाठी माणसं काय काय करतात!) गुण आणि रासायनिक तपासणी शेजारी ठेवल्यावर गुन्हेगार सापडले ते गंधकाचे. सगळ्यात जास्त हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजलं अंडं. त्यानंतर मिथेनथायॉल, म्हणजे सडलेली भाजी. त्यानंतर डायमिथाइल सल्फाइड, त्याचा वास काहीसा गोडूस. मळाच्या वासासाठी इंडोल आणि स्कॅटोल यांचं नाव घेतलं जातं, पण ते वायूत फारसे उडत नाहीत. याच अभ्यासात बायकांच्या वायूत हायड्रोजन सल्फाइडची तीव्रता जास्त निघाली आणि पुरुषांच्या वायूचा दर वेळचा आकार मोठा निघाला, त्यामुळे त्या जुन्या वादात कुणालाच जिंकता आलं नाही.

आवाजाचंही इथेच उरकून टाकू. आवाज हा गुदद्वाराच्या स्नायूचा ताण आणि वायूचा वेग यांचा खेळ आहे, त्याचा गंधकाशी संबंध नाही. तरी ‘फुसकी वाईट’ हा सार्वत्रिक अनुभव अगदी खोटा म्हणता येत नाही. भरपूर कर्बोदकं आंबली की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मुबलक तयार होतात, आणि त्यात गंधकाचे वायू पातळ होतात. आंबणं कमी आणि कुजणं जास्त असेल तर वायू थोडाच असतो, पण दाट असतो.

आंबणं आणि कुजणं हे दोन शब्द मी मुद्दाम वापरतोय. मोठ्या आतड्यात हीच दोन कामं चालतात, आणि त्यांच्या जागाही साधारण ठरलेल्या आहेत. लहान आतड्यात न पचलेलं अन्न मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला येऊन पडतं. जिवाणूंच्या आवडीचं खाणं म्हणजे शर्करा, पिष्ट आणि विरघळणारे तंतू. हे खाणं असेपर्यंत जिवाणू प्रथिनांकडे फारसे वळत नाहीत. हे आंबणं, वायू खूप, वास बेताचा. माल पुढे सरकत डाव्या बाजूला येईतो गोड खाणं संपत आलेलं असतं, आणि मग प्रथिनांवर हात पडतो. हे कुजणं. मेथिओनीन आणि सिस्टीन या दोन अमिनो आम्लांत गंधक असतं, आणि ते सुटून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनथायॉल बनतं.

गंधकाची दुसरी वाट सल्फेटची. डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू सल्फेटवर हायड्रोजन वापरून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सल्फेट काही पाण्यात, वाइन-बिअरमध्ये असतं. सुकामेवा आणि वाइन टिकवायला जी सल्फाइट्स घालतात (वेष्टनावर ई २२० ते ई २२८), तीही गंधकाचीच भर. आतड्याच्या स्वतःच्या बुळबुळीत अस्तरातही सल्फेट असतं. शिवाय चरबी पचवायला जे पित्त येतं त्यात टॉरिन हा गंधकयुक्त पदार्थ जोडलेला असतो आणि बायलोफिला नावाचा जिवाणू तो खातो. म्हणून गंधक शून्यावर आणणं कुणालाच जमणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. आतड्याचं अस्तर यातला मोठा भाग जागच्या जागी निकामी करतं. आपल्या नाकापर्यंत येते ती उरलेली शिल्लक.

आता डाळी-कडधान्यं सोडणाऱ्याचं काय चुकलं ते दिसेल. त्याने आंबणारा माल काढून घेतला आणि त्याची जागा बहुधा अंडी, मांस, पनीर यांनी भरली. वायू घटला. जिवाणूंचा गोड खाऊ मात्र उजव्या बाजूलाच संपला आणि डावीकडे कुजण्याला मोकळं रान मिळालं. प्रयोगशाळेत मळाच्या नमुन्यांवर हे थेट पाहिलं गेलं आहे: सिस्टीन घातलं की हायड्रोजन सल्फाइड कित्येक पट वाढतो, सहज आंबणारं पिष्ट दिलं की तो उतरतो. नळकांड्यातलं सगळंच पोटात तसंच घडतं असं नाही, पण दिशा हीच आहे.

प्रथिनांच्या बाबतीत एक बारकावा. रोज साधारण ६ ते १८ ग्रॅम प्रथिन न पचता मोठ्या आतड्यात उतरतं. हा आकडा किती खाल्लं यावर अवलंबून असतोच, पण कोणत्या रूपात खाल्लं यावरही असतो. १९९८ च्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन लहान आतड्यात पचलं, कच्च्या अंड्यातलं फक्त ५१ टक्के. ग्लासात दोन कच्ची अंडी फेटून पिणाऱ्याला वासाचं कारण आणखी कुठे शोधायला नको. अंड्यात एक तर गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर, आणि त्यातलं निम्मं थेट कुजायला पोचतं. प्रथिनांच्या पावडरीचंही असंच होतं. चाळीस ग्रॅम पावडर एका दमात पोटात गेली की पचनाचा हात तोकडा पडतो. तीच वीस-वीसच्या दोन भागांत, जेवणाबरोबर घेतली तर फरक पडतो. आणि डब्याच्या मागचं वाचून पाहा. गोडीसाठी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल, ‘तंतू’ म्हणून इन्युलिन, व्हे प्रथिनाच्या पावडरीत थोडं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. म्हणजे वायूही तिथूनच आणि वासही तिथूनच.

कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा यांच्यात गंधकाची संयुगं आहेत आणि आंबणारी कर्बोदकंही, म्हणून ती प्रमाण आणि वास या दोन्ही वह्यांत येतात. यांना एकदम हद्दपार करू नये. प्रमाण निम्मं करून पाहावं, नीट शिजवून खावं, आणि दोन-तीन एकाच जेवणात येणार नाहीत एवढं सांभाळावं.

पण सगळ्यांना ताटातला दोषी हवा असतो आणि घड्याळाकडे कुणी पाहत नाही. माझ्या मते वासाच्या तक्रारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वेळेकडे. तेच अन्न चोवीस तासांत बाहेर पडलं तर एक वास, बहात्तर तास मुरलं तर दुसरा. ‘मला बद्धकोष्ठ नाही, रोज जातो’ हे उत्तर पुरेसं नसतं. रोज जाणारा माणूसही परवाचा माल आज काढत असू शकतो.

हे घरी तपासता येतं. आठवडाभर मका खायचा नाही. मग एका जेवणात मूठभर उकडलेले मक्याचे दाणे घ्यायचे, त्यातले थोडे न चावता गिळायचे आणि वेळ लिहून ठेवायची. दाण्याचं साल पचत नाही, ते पिवळं तसंच बाहेर येतं. पहिला दाणा दिसला ती वेळ लिहा, आणि शेवटचा दिसला तीही. बहुतेकांचा पहिला दाणा बारा ते अठ्ठेचाळीस तासांत दिसतो. तीन दिवस उलटूनही पत्ता नसेल तर आतडं रेंगाळतंय, आणि आहारात हजार काटछाटी करण्याआधी त्याला चालतं करायला हवं.

चालतं करायला इसबगोलाचा भुसा उत्तम, कारण तो पाणी धरून ठेवतो पण फारसा आंबत नाही. इन्युलिनसारखे तंतू पटकन आंबतात आणि वायू वाढवतात. ‘तंतू घेतले आणि पोट फुगलं’ म्हणणाऱ्यांनी पुष्कळदा हे दुसरेच घेतलेले असतात. भुसा एक चमचा, पाणी निदान २५० मिलिलिटर, ढवळल्याबरोबर प्यायचं, वर आणखी थोडं पाणी. आठवडाभर एवढंच, मग हवं तर दोन चमचे. चूक होते ती दोन प्रकारे. एक तर पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले जातात. दुसरं, पाणी कमी पडतं, आणि मग भुसा आत घट्ट गोळा होऊन बसतो, क्वचित अडकतोसुद्धा. गिळायला त्रास असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर भुशाच्या वाटेला जाऊ नये. इतर औषधांपासून तो दोन तास लांब ठेवावा. कमोडवर बसताना पायांखाली एक बुटकं स्टूल घेतलं की गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्याने वायू पुढे सरकतो. तो कोंडून ठेवण्यात फायदा नाही. थोडा रक्तात शोषून श्वासावाटे जातो, बाकीचा वाट पाहत थांबतो.

प्रयोग करायचाच तर वही घेऊन करावा. पहिला आठवडा काहीही न बदलता रोज रात्री तीन आकडे लिहायचे: वारा किती वेळा सरला (अंदाजे चालेल), पोटफुगी दहापैकी किती, वास दहापैकी किती. शेजारी शौचाची वेळ आणि घट्टपणा. दुसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच बदल, आणि तो निदान पाच-सात दिवस टिकवायचा, कारण आज खाल्लेल्याचा वास उद्या-परवा येतो. रात्री वास आला की दोष संध्याकाळच्या जेवणाला लागतो, खरा आरोपी कालच्या दुपारचा असतो. वासाचा रकाना उंच आणि बाकीचे दोन साधारण असतील तर मार्ग प्रथिनं, गंधक आणि वेळ यांचा. वासाचा रकाना साधा आणि बाकीचे उंच असतील तर वाट निराळी.

ती निराळी वाट थोडक्यात. कडधान्यं बारा तास भिजवून ते पाणी ओतून द्यावं आणि ताज्या पाण्यात शिजवावं. मोड आणले तर रॅफिनोज, स्टॅकिओज ह्या न पचणाऱ्या शर्करा आणखी घटतात. रोज अर्धी वाटी असं सुरू केलं तर पहिल्या आठवड्याची तक्रार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बरीच ओसरते. या शर्करा फोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम पहिल्या घासाबरोबर घ्यायचं असतं, जेवणानंतर घेतलेलं वाया जातं, आणि दुधाला त्याचा उपयोग नाही. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. ते न पचणारे बरेच लोकही जेवणाबरोबर एवढं सहज निभावतात, त्यामुळे दूध सरसकट बंद करण्याआधी अर्ध्या पेल्यावर येऊन पाहावं. साखरविरहित च्युइंगगममधलं सॉर्बिटॉल विसरू नये. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेला कमी-फॉडमॅप आहार, म्हणजे पटकन आंबणाऱ्या शर्करा कमी केलेला आहार, हाही प्रमाणाचाच इलाज आहे. तो दोन ते सहा आठवडे पाळून पुढे एकेक पदार्थ परत आणायचा असतो. लोक पहिल्याच पायरीवर वर्षानुवर्षं थांबतात, आणि तिथे आंबणारा माल कमी झाल्याने वासाला उलट वाव मिळू शकतो.

औषधांच्या दुकानात प्रमाण आणि वास यांची गल्लत पुन्हा होते. पोटफुगीच्या गोळ्यांतलं सिमेथिकोन लहान बुडबुड्यांचे मोठे बुडबुडे करतं. गंधकाला ते हातही लावत नाही. कोळशाच्या गोळ्यांचा तर्क छान वाटतो, पण गिळलेला कोळसा मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत वाटेतल्या इतर गोष्टींनी भरून गेलेला असतो. नेहमीच्या मात्रेत तो गंधकाचे वायू कमी करत नाही असं तपासून पाहिलेलं आहे. तोच कोळसा बाहेर मात्र भलताच गुणी. कोळशाचं अस्तर लावलेल्या अंतर्वस्त्रांनी चाचणीत जवळजवळ सगळे गंधकवायू अडवले, आत ठेवायच्या पट्ट्यांनी निम्म्याहून थोडे जास्त, आणि बसायच्या उशीने फक्त पाचवा हिस्सा. कारण सरळ आहे. वायू कापडातून जायला हवा, बाजूने निसटता कामा नये.

बिस्मथ सबसॅलिसिलेट हे पोटाच्या तक्रारींवरचं औषध खरोखर गंधक पकडतं. ५२४ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, तीन ते सात दिवस, एवढ्यात मळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड ९५ टक्क्यांहून जास्त घटला. पण हे रोजचं औषध नव्हे. त्यात सॅलिसिलेट आहे, म्हणजे ॲस्पिरिन न चालणाऱ्यांना, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना, गरोदर बायकांना, आणि फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ते वर्ज्य. शिवाय त्याने जीभ आणि मळ काळे होतात. पोटातल्या रक्तस्रावानेही मळ डांबरासारखा काळा होतो आणि त्याला उग्र, वेगळाच वास येतो. बिस्मथ घेताना ही खूण हातातून जाते, म्हणून डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस.

वास अचानक सुरू झाला असेल तर आधी नवी औषधं आठवावीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन, अकार्बोज आणि बद्धकोष्ठावरचं लॅक्ट्युलोज वायू वाढवतात. वजन कमी करायचं ऑर्लिस्टॅट चरबी पचू देत नाही. पाणी बदलल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पातळ, चिकट, घाण वासाचे जुलाब आणि कुजक्या अंड्याच्या ढेकरा सुरू झाल्या तर जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आठवावा. त्यावर नेमकं औषध आहे आणि तपासणी मळाची. एक नमुना निर्दोष आला म्हणून सुटका धरू नये. हा परजीवी रोज दिसेलच असं नाही. मळ तेलकट, फिका, पाण्याला न जुमानता भांड्याला चिकटणारा असेल तर चरबी पचत नाहीये. स्वादुपिंडासाठी मळातलं इलास्टेज हे पाचक एन्झाइम तपासतात, ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर शंका घेतात. सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार, याची रक्ततपासणी करायची असेल तर ती होईपर्यंत गहू सोडू नका. सोडलात तर तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. हा गोंधळ फार वेळा होतो, कारण उत्साही माणूस आधी गहू सोडतो आणि मग डॉक्टरांकडे जातो.

वजन आपोआप उतरतंय, मळात रक्त आहे, रक्तक्षय निघालाय, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतंय, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवयच बदलली आहे, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत आणि वारा अजिबात सरत नाही, तर त्याच तासाला. अशा वेळी वास नसणं हीच धोक्याची खूण असते.

एक शक्यता तेवढी राहिली. समजा १०० मिलिलिटर वायू सुटला आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत पंचवीस भाग आहे. वर सांगितलेल्या अभ्यासातली सरासरी साधारण एवढीच होती. खोली तीन मीटर बाय चार, उंची अडीच मीटर, म्हणजे तीस हजार लिटर हवा. तो वायू खोलीभर सारखा पसरला तर हायड्रोजन सल्फाइड अब्जात एका भागाच्या दहाव्या हिस्स्याहूनही खाली जातो, आणि बहुतेक नाकांना तो तिथे कळत नाही. जो वास येतो तो न मिसळलेल्या हवेच्या लोटाचा, म्हणून दोन पावलं सरकलं किंवा पंखा लावला की तो पटकन विरतो. मग पंधरा-वीस मिनिटं अंगाबरोबरच फिरणारा वास बहुधा वायूचा नसतो. कपड्याला लागलेला मळाचा ओलावा तपासावा, गुदद्वाराचा स्नायू सैल झालाय का, मूळव्याधीमुळे नीट पुसलं जात नाही का, ते पाहावं. तिथे आहाराचा काही उपयोग नाही, पाण्याने धुणं आणि स्नायूचे व्यायाम लागतात. आणि तेही निघालं नाही, तर घरातल्या एका स्पष्टवक्त्या माणसाला सरळ विचारावं, ‘आत्ता येतोय का?’ काही जणांना येत नसलेला वास सतत जाणवतो. शेजारच्याने नाक खाजवलं तरी ते आपल्यामुळेच असं वाटतं, आणि ते बसमध्ये, ऑफिसात जाणं टाळू लागतात. त्यांच्या पोटाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष येतात, आणि त्यांना मदत मानसोपचारतज्ज्ञाकडेच मिळते.